मैदान सुटल्यावर उद्योग: केव्हिन प्लँक यांच्या वाटचालीतून एका खेळाडूने काय घ्यावे

प्रश्न असा आहे: “मी तीन वर्षे विद्यापीठाच्या कबड्डी संघातून खेळलो. पदवी पूर्ण झाली आहे आणि व्यावसायिक लीगमध्ये निवड होईल असे वाटत नाही. खेळाडूंचे कपडे तयार करण्याचा व्यवसाय सुरू करायचा आहे. सगळे जण खेळाचे कपडे बनवणाऱ्या अंडर आर्मर या अमेरिकन कंपनीचे संस्थापक केव्हिन प्लँक यांचे उदाहरण देतात आणि ‘खेळाडूकडे जिद्द असतेच’ असे सांगतात. खेळाचा धंद्यात नेमका किती उपयोग होतो?”

मी सोलापुरात चोवीस वर्षे गणवेश आणि खेळाचे कपडे तयार करतो. त्याआधी, सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ नव्हते त्या काळात, मी शिवाजी विद्यापीठाच्या खो-खो संघातून खेळलो आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न मला दोन्ही अंगांनी परिचयाचा आहे. खेळाचा उपयोग फार मोठा होतो, असेच मी सांगेन. मात्र तो जिद्दीमुळे होतो असे मी मानत नाही. पहाटे चार वाजता बाजार समितीत उभा राहणारा भाजीवाला तुमच्या-माझ्याइतकाच जिद्दी असतो. खेळाडूजवळ इतरांपेक्षा जास्त असतात त्या दोन गोष्टी: स्वतःच्या अंगावर अनुभवलेली एखादी नेमकी अडचण, आणि तीच अडचण रोज सोसणाऱ्या माणसांची ओळख. प्लँक यांचा धंदा या दोन गोष्टींवर उभा राहिला. पुढे तो अडचणीत आला तेव्हा, माझ्या मते, त्यालाही खेळाडूचीच एक सवय कारणीभूत होती. उदाहरण देणारे लोक पहिला भाग सांगतात आणि दुसरा गाळतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

प्लँक यांचा जन्म १९७२ चा, अमेरिकेतील मेरीलँड राज्यातला. मेरीलँड विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघात ते ‘वॉक-ऑन’ म्हणून दाखल झाले. तिथल्या विद्यापीठांत निवडक खेळाडूंना शिष्यवृत्ती देऊन बोलावून घेतले जाते. ज्याला कोणी बोलावलेले नसते आणि जो स्वतः जाऊन चाचणी देऊन संघात जागा मिळवतो, तो वॉक-ऑन. ते फुलबॅकच्या, म्हणजे चेंडू नेणाऱ्या सहकाऱ्याला वाट मोकळी करून देणाऱ्या खेळाडूच्या, जागी खेळत आणि पुढे स्पेशल टीम्सचे कर्णधार झाले. किक मारताना किंवा किक झेलून परत धावताना जी तुकडी मैदानात उतरते, तिला स्पेशल टीम्स म्हणतात. सामन्यातला तिचा वेळ थोडा असतो, पण त्यातले धावणे आणि आदळणे अतिशय जोराचे असते. म्हणजे ज्यांच्या नावावर कपडे खपतील असे ते प्रसिद्ध खेळाडू नव्हते, हे तुम्ही प्रथम लक्षात घ्यावे. तुमच्या नावाला बाजारात आज किंमत नाही याचे तुम्हाला वाईट वाटत असेल, तर त्यांच्याही नावाला तेव्हा ती नव्हती.

त्यांची अडचण साधी होती. खांद्याच्या आणि छातीच्या पॅडखाली घातलेला सुती टी-शर्ट सरावाच्या पहिल्या तासातच घामाने चिंब व्हायचा, जड व्हायचा आणि अंगाला चिकटायचा. त्याच वेळी घातलेली कृत्रिम धाग्याची घट्ट चड्डी मात्र जवळजवळ कोरडी राहायची. एकाच शरीरावर, एकाच घामात दोन कपडे वेगळे वागतात, तर वरचा कपडाही खालच्यासारखा का असू नये, इतकाच तो विचार. ही गोष्ट त्या संघातल्या प्रत्येकाच्या अंगावर रोज घडत होती. कापडाच्या कारखान्यात बसलेल्या माणसाला मात्र ती कळणे कठीण होते, कारण तो पॅड घालून दोन तास धावत नव्हता.

मी हे माझ्या युनिटमध्ये एकदा वजनकाट्यावर पाहिले आहे. गावातल्या कुस्तीच्या तालमीत येणाऱ्या एका मुलाला मी शंभर टक्के सुती, १८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाच्या कापडाचा) टी-शर्ट घालायला दिला. कोरडा असताना त्याचे वजन १७० ग्रॅम होते. सराव संपल्यावर तो काढून काट्यावर ठेवला तेव्हा काटा ४१० वर गेला. दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला पॉलिएस्टरचा बारीक विणीचा टी-शर्ट दिला, तर त्याने निम्म्याहूनही कमी घाम धरला. कारण धाग्याच्या स्वभावात आहे. कापसाचा तंतू पाणी स्वतःच्या आत ओढून घेतो. साध्या दमट हवेतसुद्धा तो वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरून असतो. पॉलिएस्टरमध्ये हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली असते. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, पण त्याचे तंतू बारीक आणि जवळजवळ विणले की त्यांच्यामधल्या फटींतून, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसा, घाम कापडाच्या बाहेरच्या अंगाला येतो, पसरतो आणि वाऱ्यावर उडून जातो. ही वातीसारखी ओढ आणि ताणून परत जागेवर येणारा धागा, या दोन गोष्टी एकत्र असलेले कापड प्लँक यांना हवे होते. ते शोधायला ते न्यूयॉर्कच्या गारमेंट डिस्ट्रिक्ट या कापड-कपड्यांच्या बाजारभागात गेले. १९९६ मध्ये पदवी मिळाली त्याच वर्षी त्यांनी वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागात, आजीच्या घराच्या तळघरात कंपनी सुरू केली. तुम्ही ज्याला ‘मोठी कल्पना’ म्हणता ती इथे कुठेही नव्हती. असे कापड जगात आधीपासून होते, शिवणारेही होते. ते पॅडखालच्या टी-शर्टसाठी हवे आहे, हे सांगणारा माणूस खेळाडू होता.

दुसरी गोष्ट ओळखीची. प्लँक यांच्याबरोबर शाळा-कॉलेजात खेळलेले काही जण एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये पोहोचले होते. त्यांना त्यांनी शर्ट पाठवले आणि आवडल्यास शेजारच्या खेळाडूला द्या, असे सांगितले. पुढे ओकलंड रेडर्स संघाचा क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रे हलवणारा मुख्य खेळाडू) जेफ जॉर्ज याचे तो शर्ट घातलेले छायाचित्र ‘यूएसए टुडे’ या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर आले. त्यासाठी कंपनीने पैसे दिले नव्हते, देण्याइतके ते नव्हतेही. कंपनीत अगदी सुरुवातीला आलेले किप फल्क्स हेही मेरीलँड विद्यापीठाचेच, लॅक्रोस हा जाळीच्या काठीने चेंडू खेळण्याचा खेळ खेळलेले. माणसे कुठून मिळवायची, हा नव्या धंद्यातला अवघड प्रश्न त्यांनी मैदानाच्या ओळखीतून सोडवला.

पण छायाचित्रांवर महिन्याचे भाडे निघत नाही. मला या कथेतला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो तो वेगळाच आहे. अमेरिकन फुटबॉल संघात ‘इक्विपमेंट मॅनेजर’ नावाचे पद असते. हेल्मेटपासून मोज्यांपर्यंत खेळाडूंना काय द्यायचे, किती मागवायचे आणि कोणाकडून मागवायचे, हे तो पाहतो. प्लँक यांनी स्वतः गाडीने विद्यापीठोविद्यापीठी जाऊन या माणसांची दारे ठोठावली. संघासाठीची पहिली मोठी विक्री जॉर्जिया टेक या विद्यापीठाला झाली, आणि पहिल्या वर्षाची एकूण विक्री भरली सुमारे १७ हजार डॉलर. खेळाडूला कपडा आवडला तरी पैसे तो देत नाही, आणि पैसे देणाऱ्याच्या अंगावर कपडा कधी चढत नाही. या दोघांच्या मधला माणूस कोण, त्याचे टेबल कुठे आहे, हंगामाच्या आधी किती महिने तो मागणी नोंदवतो, हे संघात राहिलेल्या माणसाला न विचारता माहीत असते. आपल्याकडे हे काम महाविद्यालयाचे क्रीडा संचालक किंवा जिमखाना समिती करते. तुमच्या संघाची किट कोणी आणि कशी खरेदी केली, तीन कोटेशन कोणाकोणाची होती, माल कधी आला आणि तो का उशिरा आला, हे तुम्ही तीन वर्षे जवळून पाहिले आहे. ते ज्ञान तुम्ही क्षुल्लक समजत असाल, पण मला ते मिळवायला चार वर्षे लागली.

आता पैशांविषयी. कॉलेजात असताना प्लँक व्हॅलेंटाइन डेला गुलाबांची फुले घरपोच देण्याचा हंगामी धंदा करीत आणि त्यातून साठवलेले काही हजार डॉलर त्यांच्याजवळ होते. ते संपल्यावर त्यांनी क्रेडिट कार्डांवर सुमारे ४० हजार डॉलर कर्ज केले. ही गोष्ट भाषणांतून मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. मला तिचे कौतुक नाही आणि तुम्ही तिचे अनुकरण करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ज्यांचे कार्डावरचे कर्ज फिटले त्यांच्या कथा आपल्यापर्यंत येतात. ज्यांचे फिटले नाही ते भाषण करायला उभे राहत नाहीत. नायकीचे फिल नाइट हेही माजी कॉलेज खेळाडूच. ऑरेगन विद्यापीठात प्रशिक्षक बिल बॉवरमन यांच्या हाताखाली ते मध्यम पल्ल्याच्या शर्यती धावत. १९६४ मध्ये गुरु-शिष्यांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून जपानी बूट आणून विकायला सुरुवात केली. पण पुढची पाच वर्षे नाइट यांनी हिशेब तपासनिसाची नोकरी आणि पोर्टलँडच्या विद्यापीठात अकाउंटिंग शिकवण्याचे काम सोडले नाही. घर पगारावर चालले आणि धंद्याचा पैसा धंद्यातच फिरला. तुमच्या घरची परिस्थिती तुम्ही लिहिलेली नाही, परंतु बहुतेक मराठी घरांना हा दुसरा मार्ग अधिक झेपतो. शाळेत क्रीडा शिक्षकाची, जिममध्ये प्रशिक्षकाची, जी मिळेल ती नोकरी धरा आणि दोन हंगाम धंदा तिच्या आधाराने चालवा.

अंडर आर्मर सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली ती १९९९ च्या अखेरीस. फुटबॉलवरच्या एका हॉलीवूड चित्रपटात तिचे कपडे दिसणार होते. तो मोका साधून कंपनीने ईएसपीएन या क्रीडा वाहिनीच्या नियतकालिकात २५ हजार डॉलरची जाहिरात दिली. त्यासाठी माणसांचे पगार काही काळ थांबवावे लागले, पण त्या जाहिरातीतून साडेसात लाख डॉलरच्या आसपास विक्री झाली. त्यानंतर वाढ फार वेगाने झाली. २००५ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले तेव्हा वर्षाची विक्री २८ कोटी डॉलर होती. २०१० मध्ये तिने १०० कोटींचा टप्पा ओलांडला आणि २०१६ मध्ये ती ४८० कोटींच्या पुढे गेली.

वाढ ऐकायला गोड असते, पण ती पैसा खाते, हे या धंद्यात पडल्याशिवाय उमगत नाही. कापड रोखीने किंवा महिन्याच्या उधारीवर येते, शिलाईची मजुरी दर शनिवारी द्यावी लागते, आणि ज्याला माल दिला तो त्याच्या सवडीने पैसे देतो. पैसे देण्याची तारीख आणि मिळण्याची तारीख यांमधले अंतर भरून काढणारा पैसा म्हणजे खेळते भांडवल. ऑर्डर दुप्पट झाली की ते अंतर भरून काढायला लागणारा पैसाही दुप्पट होतो, आणि नफा अजून कागदावरच असतो. माझ्या पाचव्या वर्षी मला एका संस्थेची १,२०० ट्रॅकसूटची ऑर्डर मिळाली. तोवरच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी ऑर्डर होती, म्हणून मी अटी न वाचता हो म्हटले. माल वेळेवर दिला. पैसे अकरा महिन्यांनी आले, तेही तीन हप्त्यांत. दरम्यान मजुरी चुकवण्यासाठी मी नवी घेतलेली फ्लॅटलॉक मशीन (सपाट, ताण सोसणारी शिवण घालणारी) विकली. ज्या दिवशी टेम्पोत ती मशीन चढवली त्या दिवशी युनिटमध्ये दोन हजारांवर पँटचे कट केलेले तुकडे शिवायचे पडून होते, आणि ते शिवायला मशीन नव्हती. मोठी ऑर्डर मिळाली म्हणून धंदा बंद पडू शकतो, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिले.

आता वर म्हटलेल्या दुसऱ्या भागाकडे येतो. खेळाडूला गुणफलकाकडे पाहायची सवय लागलेली असते. सामना संपतो, आकडा समोर असतो, जिंकलो की हरलो याचा निकाल लागतो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला दर तीन महिन्यांनी असाच एक फलक जगासमोर मांडावा लागतो. अंडर आर्मरने सलग २६ तिमाह्या विक्रीत २० टक्क्यांहून अधिक वाढ दाखवली होती. ही मालिका कंपनीची ओळख बनली आणि ती तुटू द्यायची नाही, हे जणू कर्तव्य होऊन बसले. २०१५ च्या दुसऱ्या सहामाहीपासून मागणी कमी पडू लागली. तेव्हा, अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने पुढे आपल्या आदेशात नमूद केल्याप्रमाणे, कंपनीने सलग सहा तिमाह्यांत मिळून ४० कोटी ८० लाख डॉलरच्या अशा ऑर्डरी लवकर पाठवल्या, ज्या ग्राहकांनी पुढच्या तिमाहीत मागितल्या होत्या. माल खरा होता आणि ग्राहकही खरे होते, परंतु उद्याची विक्री आज मोजली जात होती आणि गुंतवणूकदारांना ते सांगितले गेले नव्हते. २०१६ मध्ये स्पोर्ट्स अथॉरिटी ही मोठी विक्रेती साखळीही दिवाळखोरीत जाऊन बंद झाली. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत वाढ २० टक्क्यांखाली आली आणि मालिका तुटली. जानेवारी २०१७ मध्ये ते जाहीर झाले त्या दिवशी समभाग सुमारे एक चतुर्थांशाने कोसळला. २०२१ मध्ये कंपनीने आरोप मान्य वा अमान्य न करता ९० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले.

हे मी कोणाला दोषी ठरवण्यासाठी लिहीत नाही. ही चूक मला फार ओळखीची वाटते म्हणून लिहितो. आमच्याकडेही मार्चअखेर जवळ आली की एप्रिलचा माल मार्चच्या बिलात घालण्याचा मोह होतो. बँकेच्या कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्यासाठीच्या उचल-कर्जाची, मर्यादा वाढवून घ्यायची असते, उलाढाल चांगली दिसावी असे वाटते, आणि ओळखीचा दुकानदार ‘माल आत्ताच टाका, पैसे मेमध्ये देतो’ म्हणतो. पहिल्या वर्षी त्याने काहीच बिघडत नाही. पण पुढचा एप्रिल रिकामा सुरू होतो, तो भरायला मेचा माल उचलावा लागतो, आणि ज्याच्याकडे माल साठला तो शेवटी सवलत मागतो किंवा माल परत पाठवतो. खेळात हंगाम संपला की गुण शून्यावर येतात आणि सगळे पुन्हा नव्याने खेळतात. धंद्यात मागच्या हंगामाचे ओझे नव्या हंगामात येते. मैदानातून आलेल्या माणसाला हा फरक उशिरा कळतो. मलाही तो उशिरा कळला.

वाढीच्या त्याच भरात कंपनीने व्यायामाची नोंद ठेवणारी ॲप कंपन्याही विकत घेतल्या होत्या. त्यांतली मायफिटनेसपाल २०१५ मध्ये ४७ कोटी ५० लाख डॉलरना घेतली आणि २०२० मध्ये ३४ कोटी ५० लाखांना विकली. घामाने जड होणाऱ्या शर्टाची अडचण प्लँक यांच्या स्वतःच्या अंगावरची होती. मोबाइलवरच्या नोंदींची तशी नव्हती, असे मला वाटते. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे पद सोडले आणि एप्रिल २०२४ मध्ये ते पुन्हा त्याच पदावर आले.

आता तुमच्याविषयी. तुम्ही कबड्डी खेळलेले आहात, तेव्हा क्रिकेटच्या जर्सीपासून सुरुवात करू नका, तिथली बाजारपेठ कितीही मोठी आणि आकर्षक दिसली तरी. कबड्डीत पकडीच्या झटापटीत रेडरची जर्सी ओढली जाते. ती कुठे फाटते हे तुम्हाला माहीत आहे: काखेच्या शिवणीत, आणि खांद्याच्या मागच्या बाजूला, जिथे दोन शिवणी एकमेकींना भेटतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्वस्त जर्सी ओव्हरलॉक मशीनवर (जी कापडाच्या कडेवरून शिवण घालते) एकेरी शिवलेल्या असतात आणि त्यांचे कापड एकाच दिशेने ताणते. त्याच जागी फ्लॅटलॉकची शिवण घेतली, काखेत तिरका कापलेला चौकोनी तुकडा बसवला आणि दोन्ही दिशांनी ताणणारे कापड वापरले, तर नगामागे खर्च थोडा वाढतो, पण जर्सी अर्ध्या हंगामात बदलावी लागत नाही. मॅटवर घासून गुडघ्याची कातडी निघते तो प्रश्न वेगळा आहे. तो दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

लुधियाना, सुरत किंवा तिरुपूरहून एका रंगाचे थोडे कापड मागवा आणि आठ नमुने शिवून घ्या, त्याहून जास्त नको. तुमच्या जुन्या संघातल्या आठ जणांना ते द्या आणि महिनाभर प्रत्येक सरावाला तेच घालायला सांगा. दर आठवड्याला स्वतः जाऊन शिवण उलटी करून पाहा, कॉलरचा रंग गळतो का ते पांढऱ्या कपड्याबरोबर धुऊन पाहा. ‘छान आहे’ या शब्दावर विसंबू नका, मित्र नेहमी छानच म्हणतात. महिन्यानंतर नमुना परत मागा आणि कोण परत द्यायला कुरकुरतो ते पाहा. त्यानंतर जिल्ह्यातल्या पाच महाविद्यालयांच्या क्रीडा संचालकांना, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या तीन महिने आधी, तो वापरलेला, वीस वेळा धुतलेला नमुना घेऊन भेटा. नवी कोरी जर्सी सगळेच नेतात.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्या बिलाआधी करून घ्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळावेत अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहे, आणि बिलावर तुमचा उद्यम क्रमांक असला तर तिचा आधार घेता येतो. तरीही ऑर्डर घेतानाच अर्धी रक्कम आगाऊ मागा. बरेच जण नाही म्हणतील. ज्या दोघा-तिघांनी हो म्हटले, त्यांचाच माल पहिल्या वर्षी शिवा.